विश्लेषण : माळ्यावर इन्सुलेशन भरले, तरी खोली गारच का राहते?

ब्रिटनमध्ये घरात मूल आले, घरून काम करायला वेगळी खोली हवी झाली किंवा भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी राहायला येणार असले, की घरमालकाची नजर सर्वात आधी वर जाते. उतरत्या छताखालचा रिकामा माळा राहती खोली करून घेणे, म्हणजे 'लॉफ्ट कन्व्हर्जन', हा तिथला घर वाढवण्याचा रुळलेला मार्ग. लंडन परिसरात हा खर्च सहज ४०-५० हजार पौंडांपर्यंत, म्हणजे रुपयांत अर्ध्या कोटीच्या आसपास जातो. नियमानुसार जाडीचे इन्सुलेशन लागते, काम पूर्ण झाल्याचा दाखलाही मिळतो. मग पहिला हिवाळा येतो. हीटर चालू असतो, भिंती नव्या असतात आणि तरीही पलंगाच्या उशाशी गार वारा लागत राहतो. कंत्राटदार म्हणतो, 'इन्सुलेशन तर पूर्ण घातलंय.' बहुतेक वेळा तो खोटे बोलत नसतो. अडचण इन्सुलेशनच्या जाडीत नसून त्याच्या आजूबाजूच्या फटींत असते.

माळ्याची खोली होते तेव्हा नेमके काय बदलते?

साध्या ब्रिटिश घरात इन्सुलेशन माळ्याच्या जमिनीवर, म्हणजे खालच्या बेडरूमच्या छतावर अंथरलेले असते. त्याच्या वरचा माळा मुद्दाम थंड ठेवलेला असतो. वळचणीला ठेवलेल्या फटींतून बाहेरची हवा आत येते, कौलांखालून फिरते आणि लाकडाचा ओलावा घेऊन निघून जाते. आपल्या कोकणातल्या कौलारू घराचा हिशेबही काहीसा असाच. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जावी, ही तिथली सोयच आहे.

खोली केली की उबदार घर आणि थंड बाहेर यांच्यातली सीमारेषा जमिनीवरून उचलून वाशांवर न्यावी लागते. पूर्वी ती एक सपाट रेघ होती. आता ती वळचणीपासून निघते, कडेच्या बुटक्या भिंतीवर चढते, वाशांच्या उतारावरून वर जाते, आढ्याखालच्या सपाट छतावर वळते आणि दुसऱ्या बाजूने तशीच खाली येते. मध्ये छताची खिडकी असली तर तिच्या चारही बाजूंनी फिरते. प्रत्येक वळणावर एक सांधा येतो आणि हवा शिरायला सांधाच लागतो.

इन्सुलेशन असूनही गार का वाटते?

जानेवारीतल्या पहाटे पुण्यात स्कूटर चालवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. जाड लोकरीचा स्वेटर घालून उभे राहिले तर ऊब वाटते. स्कूटर पळू लागली की वारा लोकरीतून आरपार जातो. वरून पातळसे विंडचीटर चढवले की तोच स्वेटर पुन्हा काम करू लागतो. ग्लासवूल किंवा रॉकवूल हे घराचे स्वेटर आहे. त्यात अडकलेली हवा स्थिर असेल तोवरच ते उष्णता रोखते. हवा वाहू लागली की जाडी कितीही असो, गुण घटतो.

ही हवा हलवतात दोन गोष्टी. एक वारा. छताच्या ज्या उतारावर तो आदळतो तिथे दाब वाढतो, पलीकडच्या उतारावर ओढ तयार होते आणि घराच्या एका अंगाने शिरलेली हवा दुसऱ्या अंगाने बाहेर पडते. दुसरी गोष्ट म्हणजे चिमणीचा परिणाम. गरम हवा हलकी असते, ती वर चढते. आत २० अंश आणि बाहेर शून्य अंश सेल्सिअस असेल, तर उंचीच्या प्रत्येक मीटरमागे साधारण ०.८६ पास्कल दाबाचा फरक पडतो. आठ मीटर उंच घरात तो एकूण सुमारे ७ पास्कल होतो. एक चौरस मीटरच्या फळीवर पाऊण किलोहून कमी भार ठेवल्यासारखा हा दाब, म्हणजे अगदीच किरकोळ. पण वारा पडला तरी तो पडत नाही. थंडी आहे तोवर रात्रंदिवस तो हवा ढकलत राहतो.

यात एक गंमत आहे, जी अनेकांच्या लक्षात येत नाही. चिमणीच्या परिणामामुळे उबदार हवा घराच्या माथ्यावरच्या फटींतून बाहेर पडते आणि तिची जागा भरायला तळमजल्यावरच्या फटींतून गार हवा आत ओढली जाते. म्हणजे बैठकीच्या खोलीत सोफ्यामागून येणाऱ्या वाऱ्याचे मूळ तीन मजले वर, माळ्यातल्या फटीत असू शकते. खालच्या दाराला ब्रश-पट्टी लावून थोडाफार फरक पडतो. वरची वाट बंद केली तर मात्र ओढच कमी होते.

हे प्रथम लक्षात कधी आले?

१९७३ च्या तेलसंकटाच्या आगेमागे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक दीर्घ प्रयोग हाती घेतला. रॉबर्ट सोकोलो यांच्या नेतृत्वाखालचा हा गट एकसारख्या दिसणाऱ्या रांगेतल्या घरांची ऊर्जा मोजत होता. माळ्यांवर इन्सुलेशन होते, त्यामुळे तिथून किती उष्णता जाईल याचे गणित सोपे वाटत होते. प्रत्यक्षात हिवाळ्यात माळे गणितापेक्षा जास्त उबदार निघाले. उष्णता कुठून तरी वर पोहोचत होती.

जॅन बेया, गौतम दत्त आणि थॉमस वोटेकी यांनी या कोड्याचा माग काढला. शेजारच्या दोन घरांमधली भिंत पोकळ ब्लॉकची होती आणि त्या पोकळ्यांतून उबदार हवा थेट माळ्यात चढत होती. भट्टीच्या धुराड्याभोवती तळघरापासून माळ्यापर्यंत मोकळी जागा सोडलेली होती. इन्सुलेशनला वळसा घालणाऱ्या या वाटांमुळे माळ्यातून जाणारी उष्णता हिशेबाच्या कित्येक पट भरत होती. याच प्रकल्पात फ्रँक सिन्डन यांनी एका घरात फटी बुजवणे, इन्सुलेशन आणि खिडक्या या सगळ्यांवर मिळून काम केले आणि घर गरम ठेवण्याची गरज दोन तृतीयांशाने कमी करून दाखवली. तो निबंध १९७८ चा आहे. दाराच्या चौकटीत पंखा बसवून घराची गळती मोजण्याची पद्धत अमेरिकेत रुजवण्यातही या गटाचा मोठा वाटा होता.

जवळपास पन्नास वर्षे झाली. माळ्याच्या कामांत आजही साधारण याच चुका सापडतात.

गळती नेमकी कुठे असते?

पहिला संशय बुटक्या भिंतीवर घ्यावा. उतरते छत जमिनीला टेकते तिथली जागा वापरता येत नाही, म्हणून मीटरभर उंचीची एक आडभिंत घालतात. तिच्यामागे त्रिकोणी बोळ उरतो. तो थंड असतो, वळचणीच्या फटींतून बाहेरची हवा तिथे खेळत असते. भिंतीत इन्सुलेशन भरले जाते आणि काम झाले असे समजले जाते. पण जमिनीच्या कड्या, ज्यांवर फळ्या ठोकलेल्या असतात, त्या या भिंतीखालून आरपार जातात. जुन्या वाड्यातला कडीपाट डोळ्यांसमोर आणा. दोन कड्यांमधली पोकळी एका टोकाला त्या थंड बोळात उघडी असते. वारा सुटला की गार हवा त्या पोकळीतून थेट खोलीच्या जमिनीखाली घुसते, फळ्यांच्या फटींतून वर येते आणि खालच्या मजल्याच्या छतालाही गार करते. म्हणून अशा घरात माळ्याच्या खोलीची जमीन गार, आणि खालच्या बेडरूमचे छतही गार. मालक मात्र भिंतींना हात लावून इन्सुलेशन तपासत बसतो.

त्या बोळात सामान ठेवायला केलेले छोटे दार हा दुसरा मोठा गुन्हेगार. बऱ्याचदा ते प्लायचे एक पान असते. ना मागे इन्सुलेशन, ना कडेला रबराची पट्टी. घराच्या मुख्य दाराला असे ठेवायची कुणाची हिंमत झाली नसती. पण हेही बाहेर उघडणारे दारच आहे.

मग वाशांमधले फोम बोर्ड. पीआयआर नावाचे हे कडक बोर्ड कमी जाडीत चांगले इन्सुलेशन देतात, म्हणून माळ्यात सर्रास वापरतात. शंभर वर्षांपूर्वीचे वासे सरळ आणि समांतर नसतात. बोर्ड मात्र काटकोनात कापलेला असतो. एका टोकाला घट्ट बसतो, दुसऱ्या टोकाला बोटभर फट राहते. ती स्प्रे-फोमने भरली तरी लाकूड ऋतूप्रमाणे फुगते-आकसते आणि काही हिवाळ्यांनी फोम लाकडापासून सुटतो. बोर्डाच्या मागे कौलांच्या बाजूला साधारण ५० मिलिमीटरची हवेशीर जागा मुद्दाम सोडलेली असते. त्यामुळे फट म्हणजे थेट बाहेरचा वारा.

बाकीची यादी लहान-लहान गोष्टींची आहे. छतात गोल भोके पाडून बसवलेले एलईडी दिवे, भिंतीतले विजेचे सॉकेट, बाथरूमच्या पंख्याचा पाइप, सांडपाण्याच्या नळाचे वर गेलेले टोक, शेजाऱ्याबरोबरच्या सामाईक विटांच्या भिंतीत शिरलेल्या तुळया. माळ्यातली ही सामाईक भिंत अनेकदा गिलावा न केलेली असते, आणि उघड्या विटांचे सांधे हवा पाझरू देतात. त्यावर गोंदाचे ठिपके देऊन जिप्सम बोर्ड चिकटवला की बोर्डामागे एक पातळ पोकळी तयार होते. कुठूनही शिरलेली हवा मग त्या पोकळीतून पूर्ण भिंतभर फिरते. सॉकेटमधून वारा येतो तो बहुधा याच वाटेने.

नुकसान फक्त बिलाचे आहे का?

बिल आहेच. तासाला १०० घनमीटर हवा गळत असेल आणि आत-बाहेर १५ अंशांचा फरक असेल, तर सुमारे अर्धा किलोवॉट सतत वाया जातो. दिवसाला साधारण १२ युनिट. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२२ मध्ये सरासरी घराच्या वार्षिक ऊर्जाबिलाची मर्यादा १,९७१ पौंडांवर गेली, ऑक्टोबरमध्ये सरकारने हस्तक्षेप करून ती २,५०० पौंडांवर रोखली. तेव्हापासून हे युनिट लोक मोजू लागले आहेत.

पण खरी भीती पाण्याची आहे. २० अंशांची, ५० टक्के आर्द्रतेची हवा घनमीटरमागे साडेआठ ग्रॅमच्या वर वाफ बाळगते. शून्य अंशाला तिला पाच ग्रॅमही झेपत नाहीत. ही हवा फटीतून बाहेर पडताना वाशाला, कौलांखालच्या थंड कापडाला किंवा फळीला टेकली, की घनमीटरमागे तीन-चार ग्रॅम पाणी तिथे सुटू शकते. एखाद्या वाटेने तासाला फक्त १० घनमीटर हवा जात असेल, तरी वाईटात वाईट स्थितीत दिवसाला जवळपास एक लिटर. न्हाणीघर माळ्यावरच असेल आणि रोजचा स्वयंपाक उकळत्या डाळ-भाताचा असेल, तर हवेत वाफ आणखी जास्त.

जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने १९८९ मध्ये केलेला एक प्रयोग या क्षेत्रात अजून सांगितला जातो. १४ सेंटिमीटर इन्सुलेशनच्या एक चौरस मीटर तुकड्यात एक मीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद चीर ठेवली, तर उष्णतेची गळती जवळपास पाच पट झाली. प्रयोगशाळेतल्या अटी कडक होत्या आणि प्रत्यक्ष छतात दर चौरस मीटरला अशी चीर नसते, हे खरे. तरी एका मिलिमीटरची किंमत त्यातून कळते.

एक खूण घरमालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. गोठवणाऱ्या रात्रीनंतर सकाळी ऊन पडले आणि पावसाचा पत्ता नसताना छतातून थेंब पडू लागले, तर कौल फुटलेले नसते. रात्रभर कौलांच्या मागे साचलेले दहिवर वितळत असते. अशा वेळी कौले बदलण्यावर पैसे घालवणारे कमी नाहीत.

कसे ओळखायचे?

मराठी घरात त्यासाठीचे पहिले यंत्र देवघरातच असते. वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद करा, बाथरूमचा आणि स्वयंपाकघरातला पंखा चालू करा आणि पेटलेली उदबत्ती सॉकेट, छोट्या दाराची कड, भिंत आणि जमीन यांचा सांधा, दिव्यांची भोके यांच्याजवळून हळूहळू फिरवा. धूर जिथे झटक्यात वळतो तिथे फट आहे. (पडदे आणि उघड्या इन्सुलेशनपासून निखारा दूर ठेवा. आणि त्या खोलीतला स्मोक अलार्म वाजला तर दचकू नका.)

उदबत्तीचा धूर भिंतीपाशी सरळ राहतो, पण खिडकीखाली एकसारखा खाली घसरतो, असेही होते. ही गळती नसते. थंड काचेला लागून हवा गार होते, जड होते आणि खाली ओघळते. अंगाला ती वाऱ्यासारखीच लागते. इथे सीलंट भरून काहीही होणार नाही. चांगली काच, जाड पडदा किंवा खिडकीखाली रेडिएटर हाच इलाज.

व्यावसायिक चाचणीत बाहेरच्या दारात कापडी चौकट आणि मोठा पंखा बसवतात आणि घरातला दाब बाहेरपेक्षा ५० पास्कलने कमी करतात. ताशी तीसेक किलोमीटरचा वारा घरावर सर्व बाजूंनी एकदम आदळावा, तसे. पंख्यातून जाणारी हवा मोजली की घराची एकूण गळती कळते. इंग्लंडमध्ये २०२२ पासून नव्या घरांसाठी बाह्य पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे तासाला ८ घनमीटर ही कमाल मर्यादा आहे. जर्मनीतून आलेले 'पॅसिव्ह हाउस' मानक वेगळ्या मापात, याच दाबाला तासाला घरातल्या हवेच्या ०.६ पट गळती मान्य करते. जुन्या घराच्या माळ्याला ही चाचणी सहसा बंधनकारक नसते. तपासनीस इन्सुलेशनची जाडी पाहतो, आग आणि जिन्याचे नियम पाहतो. सांधे तोवर जिप्सम बोर्डाआड गेलेले असतात.

म्हणूनच चाचणीची योग्य वेळ बोर्ड लावण्यापूर्वीची. कामाच्या करारातच हे लिहून घेतले तर पुढचे भांडण वाचते. एकदा रंग झाला की तीच फट शोधायला थर्मल कॅमेरा आणि दुरुस्तीला करवत लागते.

दुरुस्ती काय?

काम अजून चालू असेल तर इन्सुलेशनच्या आतल्या, म्हणजे उबदार बाजूला अखंड बाष्परोधक पडदा, सांध्यांवर त्यासाठीचीच टेप आणि कडेला भिंतीशी सीलंटने चिकटवलेली जोड, हा पक्का मार्ग आहे. पडद्यापुढे रीपा ठोकून २५ ते ५० मिलिमीटरची पोकळी ठेवली की वायर आणि सॉकेट त्या पोकळीत बसतात आणि पडद्याला भोके पडत नाहीत. वायरमनला हे आधी सांगावे लागते, नंतर सांगून उपयोग नसतो. बुटक्या भिंतीमागचा बोळ पूर्णच उबदार बाजूला घेणे, म्हणजे इन्सुलेशन वाशांवरून थेट वळचणीपर्यंत नेणे, हे जास्त सोपे आणि जास्त टिकाऊ ठरते. मात्र कौलांखालची हवेशीर जागा तुंबता कामा नये.

खोली तयार असेल तर क्रम वेगळा. बोळात शिरून बुटक्या भिंतीखाली प्रत्येक दोन कड्यांमध्ये कडक बोर्डाचा तुकडा कापून बसवणे आणि कडा सील करणे हे सर्वात आधी. काम घाणीचे आहे, सामान स्वस्त आहे. त्यानंतर छोट्या दाराला इन्सुलेशन, रबर पट्टी आणि घट्ट ओढणारी कडी. मग दिवे, सॉकेट, पाइप.

एका मोहापासून सावध राहावे. वाशांवर आतून थेट फोम फवारून सगळ्या फटी एका दिवसात बंद करून देण्याच्या जाहिराती ब्रिटनमध्ये खूप दिसतात. फोममुळे लाकूड झाकले जाते, त्याची अवस्था तपासता येत नाही, ओलावा अडकू शकतो. तिथल्या काही कर्जदात्या संस्था अशा छताच्या घरावर गृहकर्जच देत नाहीत. घर विकायला काढल्यावर हे कळले, तर खरडून काढण्याचा खर्च वेगळा.

हवाबंद घरात गुदमरणार नाही का?

हा प्रश्न योग्य आहे. फटी बुजवल्या तर ताज्या हवेची वाट ठरवून ठेवावीच लागते. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारा पंखा, खिडकीच्या चौकटीतली उघडझाप होणारी झडप, खोलीच्या दाराखाली सेंटिमीटरभर जागा. फट आणि झडप यांतला फरक साधा आहे: झडप कुठे आणि किती हे आपण ठरवतो. फट वाऱ्याच्या मर्जीवर चालते. वादळात नको इतकी आणि दमट, निवांत दिवशी जवळपास काहीच नाही.

घरात खोलीतलीच हवा घेऊन जळणारी गॅस शेगडी, लाकडाची भट्टी किंवा उघड्या धुराड्याचा बॉयलर असेल, तर मात्र हात लावण्यापूर्वी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. हवा कमी पडली किंवा पंख्याने धूर उलटा ओढला, तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो. त्याला वास नसतो. अलार्म हवाच.

महाराष्ट्रात हे लागू पडते का?

थंडीच्या बाबतीत फारसे नाही. पण एसी लावलेल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत हेच शास्त्र उलटे फिरते. मुंबईत पावसाळ्यात बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. फॉल्स सीलिंगच्या फटींतून किंवा दिव्यांच्या भोकांतून ही हवा आत झिरपली, की २६ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरते. एसीची जाळी, गार हवेची नळी, जिप्सम बोर्डाची थंड बाजू. घरमालकाला वाटते एसी गळतोय. तंत्रज्ञ येतो, ड्रेन पाइप फुंकून साफ करतो, पैसे घेतो. पुढच्या दमट आठवड्यात सीलिंगवरचा पिवळा डाग आणखी थोडा पसरलेला असतो.